गस्त कोणाची, राखण कोणाची?

कार्तिकाची थंडी पडू लागली आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की माळशिरस तालुक्यात आणखी एका गोष्टीचा हंगाम सुरू होतो. तो म्हणजे चोरांच्या वार्तांचा. अमक्याच्या विहिरीवरची मोटार गेली, तमक्याची केबल कापून नेली, बाजाराच्या दिवशी मोटारसायकल नाहीशी झाली, कुठल्याशा वस्तीवर दाराला बाहेरून कडी घालून शेळ्या सोडून नेल्या. या वार्तांपैकी काही खऱ्या असतात, काही शेजारच्या तालुक्यातून चालत आलेल्या असतात, तर काहींचा जन्म चहाच्या टपरीवरच झालेला असतो. मग ग्रामपंचायतीपुढे बैठक भरते, ठाण्यातून फौजदार येतात, ग्रामसुरक्षा दलाची यादी तयार होते आणि तरुणांच्या हाती काठ्या, बॅटऱ्या नि शिट्ट्या पडतात. पहिले आठ दिवस गस्त जोरात चालते. पंधराव्या दिवशी दहांतले चार जण हजर असतात. संक्रांतीपर्यंत शिट्ट्या मुलांच्या खेळण्यात गेलेल्या असतात.

हे चित्र केवळ माळशिरसचे नाही. बागायती महाराष्ट्रात ते सर्वत्र दिसते. त्याचा दोष तरुणांच्या आळसाला देण्याची प्रथा आहे आणि ती सोयीचीही आहे. तथापि जो उपक्रम दर वर्षी त्याच उत्साहाने सुरू होतो आणि दर वर्षी त्याच सुमारास विझतो, त्याच्या अपयशाचे कारण माणसांच्या स्वभावात नव्हे, तर त्या उपक्रमाच्या रचनेत शोधले पाहिजे. रात्रीची राखण ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. गस्त फिरली की तिचा लाभ गस्तीला आलेल्यालाही मिळतो आणि घरी निजलेल्यालाही मिळतो. न येणाऱ्याला त्या लाभातून वगळता येत नाही. अशा स्थितीत प्रत्येकाने दुसऱ्याच्या जागरणावर विसंबावे, हे नीतीला धरून नसले तरी हिशेबाला धरून असते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, हा लाभ सर्वांना सारखा नसतो. ज्याची तीस एकर बागायत, दोन ट्रॅक्टर आणि चार मोटारी आहेत त्याचे राखायचे पुष्कळ आहे. ज्याचे एक पत्र्याचे छप्पर आणि दोन शेळ्या आहेत त्याचे फार थोडे. गस्तीच्या यादीत मात्र दुसऱ्याच्या घरचा मुलगा आधी सापडतो, कारण पहिल्याचा मुलगा पुण्यात शिकत असतो आणि त्याच्या बंगल्यावर कॅमेरे बसलेले असतात. दिवसभर उसाच्या बांधावर राबलेल्या मजुराने रात्रभर दुसऱ्याच्या मोटारी विनामूल्य राखाव्यात, ही अपेक्षा पंधरा दिवस टिकते हेच आश्चर्य मानले पाहिजे.

जुन्या गावगाड्यात ही अडचण निराळ्या रीतीने सोडवलेली होती. राखणीचे काम कोणाचे हे ठरलेले होते आणि त्याचे मोलही ठरलेले होते. जागल्या, रामोशी, महार यांना त्यासाठी वतन, बलुते वा हक्क मिळत. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. गावात चोरी झाली तर जागल्याने चोराचा माग काढायचा. तो माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविला की पुढची जबाबदारी त्या गावावर जाई, आणि माग जिथे हरवेल त्या गावाला चोरीची भरपाई द्यावी लागे. आजच्या भाषेत बोलायचे तर हा विम्याचाच एक प्रकार होता. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू वेठीची होती. राखणीचे काम जन्माने गळ्यात पडे, त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर मिळे, आणि चोरी झाली की पहिला संशय राखणदारावरच येई. इंग्रजांनी १८६७ साली ग्रामपोलिसांचा कायदा करून या जुन्या रचनेला सरकारी चौकट दिली. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पाटीलकी संपुष्टात आली आणि १९६७ साली महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम येऊन आजचा पोलीस पाटील अस्तित्वात आला. वेठ गेली हे उत्तमच झाले. परंतु त्या वेठीवर चालणारे काम आता कोणी करायचे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. आजची गस्त फसते ती या जागी.

दरम्यान गावाचे स्वरूपही पालटले. निरा उजव्या कालव्याचे पाणी आले आणि माळशिरसच्या उत्तर भागातील माळरानाचा मळा झाला. सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला साखर कारखाना उभारला, पुढे अकलूजच्या परिसरात सहकारी साखर कारखानदारी रुजली. पाणी ज्या ज्या शिवारात पोहोचले, तेथे शेतकरी गावठाण सोडून रानात राहावयास गेला. जुने गाव एका वेशीत मावे आणि एका हाकेत जागे होई. आज त्याच गावाच्या पंधरा-वीस वस्त्या मैल-दोन मैलांच्या अंतराने उसाच्या फडांत विखुरलेल्या आहेत. उभ्या उसात दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. गावठाणातल्या मारुतीच्या पारापासून निघालेली गस्त या सर्व वस्त्यांवर एका रात्रीत फिरूच शकत नाही. गस्तीची कल्पना वेशीच्या गावाची आणि चोरीची जागा मात्र वस्तीची, असा हा विसंवाद आहे. पिलीवकडच्या कोरडवाहू टापूत चित्र काहीसे निराळे असले, तरी तेथील पुष्कळशी कर्ती माणसे हंगामात बाहेर असतात, म्हणजे राखायला घरी म्हातारीच उरते.

माळशिरस, अकलूज, नातेपुते, वेळापूर येथील पोलीस ठाण्यांच्या बळावर एवढ्या विस्तृत मुलखात प्रत्येक वस्तीला शिपाई देणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. म्हणूनच पोलीस पाटलाचे महत्त्व आहे. प्रांताधिकाऱ्याने परीक्षा व मुलाखत घेऊन नेमलेला, त्याच गावचा रहिवासी असलेला हा माणूस ठाणे आणि गाव यांच्यामधला दुवा होय. गावात परका कोण आला, कोणत्या बांधावरून भाऊबंदकी पेटणार आहे, कोणाच्या घरी रोज रात्री आरडाओरडा होतो, हे त्याला ठाऊक असते, निदान असावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्याचे मानधन २०१९ मध्ये दरमहा तीन हजारांवरून साडेसहा हजार आणि २०२४ मध्ये पंधरा हजार रुपये करण्याचा निर्णय शासनाने घेतला. ही वाढ योग्यच होती. परंतु एका माणसाचे मानधन वाढले म्हणून वीस वस्त्यांची राखण होत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी गुन्ह्याचा विचार उशिरा केला, परंतु केला तेव्हा एक उपयुक्त गोष्ट सांगितली. अमेरिकेतील गॅरी बेकर यांनी १९६८ साली लिहिलेल्या निबंधात असे मांडले की, गुन्हा करू पाहणारा मनुष्यही आपल्या परीने नफ्यातोट्याचा अंदाज घेत असतो, आणि त्या अंदाजात शिक्षा किती मोठी आहे याबरोबरच पकडले जाण्याचा संभव किती आहे हेही मोजलेले असते. इटलीच्या बेकारियाने १७६४ सालीच शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चिततेवर भर दिला होता. विहिरीवरची मोटार चोरणाऱ्याला कायद्यातील शिक्षा वाढविल्याने फारसा फरक पडत नाही. आपण दिसू, ओळखले जाऊ, एवढ्या भीतीने मात्र पडतो. या दृष्टीने पाहिले तर गस्तीपेक्षाही त्वरित संदेशाची सोय अधिक स्वस्त आणि अधिक परिणामकारक ठरण्याचा संभव आहे. राज्यातील अनेक जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत पसरलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा याच तत्त्वावर उभी आहे. संकटात सापडलेल्याने एका ठरावीक क्रमांकावर दूरध्वनी करून आपल्या आवाजात काय घडले ते सांगायचे, आणि तोच आवाज परिसरातील नोंदलेल्या सर्व भ्रमणध्वनींवर त्याच क्षणी ऐकू जातो. वस्त्या विखुरल्या तरी हाक पुन्हा एक झाली, असे तिचे वर्णन करता येईल. बोलणाऱ्याचा क्रमांक नोंदलेला असतो आणि आवाज त्याचा स्वतःचा असतो, हा त्यातला दुसरा गुण आहे. तो गुण केवढा मोलाचा आहे, हे या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या बाजारात आले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा त्याआधी काही दिवस भ्रमणध्वनींवरून फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथेच ठेचून मारले. मारले गेलेल्यांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. माळशिरसहून मंगळवेढा दूर नाही. मध्ये एक पंढरपूर तालुका तेवढा आहे. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच जमावाच्या हाती मरण पावले. टाळेबंदीचे ते दिवस होते, चोरांच्या अफवा पसरल्या होत्या आणि गावकरी आपल्या समजुतीप्रमाणे गावाची राखणच करीत होते.

ग्रामसुरक्षा दलाची यादी करताना ही दोन नावे प्रत्येक बैठकीत उच्चारली गेली पाहिजेत. हाती काठी दिली की ती कोणावर उगारायची नाही, हेही त्याच वेळी सांगावे लागते. नागरिकाला स्वतःहून कोणाला पकडण्याचा अधिकार कायद्याने अगदी मर्यादित दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा उद्घोषित गुन्हेगाराला सामान्य माणूस पकडू शकतो, परंतु त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. संशय आला म्हणून पकडणे, झाडाला बांधणे, 'कबूल कर' म्हणून मारणे यांतले काहीही त्या अधिकारात बसत नाही. गस्तीवर जाणाऱ्या किती तरुणांना हे कोणी समजावून सांगितलेले असते?

परक्यावरचा हा संशय गावकऱ्यांच्या मनात आपोआप उगवलेला नाही. त्याची पेरणी कायद्याने केली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविले, आणि त्या कायद्याखाली ज्या वसाहती स्थापन झाल्या त्यांतील एक मोठी वसाहत सोलापुरात होती. तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवायची, हजेरी घ्यायची, गिरणीत कामाला पाठवायचे आणि संध्याकाळी पुन्हा मोजून आत घ्यायचे. शहराचा तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्यासारख्या मर्मज्ञ निरीक्षकानेही १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिण्यापूर्वी 'गुन्हेगार जाती' या नावाचा ग्रंथ लिहिला होता. त्या काळी सुशिक्षितांनाही त्या नावात काही वावगे वाटत नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कागदावरून शिक्का पुसला गेला. मात्र पारधी वा कैकाडी कुटुंब गावाच्या कडेला पाल ठोकते, तेव्हा तो शिक्का पाहणाऱ्याच्या डोळ्यांत अद्याप शिल्लक असतो. चोरी झाली की प्रथम पालावर जायचे, ही रीत पोलिसांनी टाकली तरी गाव टाकीत नाही. खरा चोर पुष्कळदा गावातलाच असतो, त्याला कोणती मोटार कोणत्या विहिरीवर आहे हे नेमके ठाऊक असते आणि भंगारवाला त्याच्या ओळखीचा असतो, हे सर्व जण खासगीत कबूल करतात.

सोलापूर जिल्ह्यानेच याच्या उलट दिशेचाही एक धडा घालून दिला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या कारकिर्दीत २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हा उपक्रम सुरू झाला. हातभट्टीची दारू गाळणाऱ्या वस्त्यांवर धाडी घालायच्या, रसायन ओतून द्यायचे, गुन्हे नोंदवायचे आणि आठवड्याने त्याच भट्ट्या पुन्हा पेटलेल्या पाहायच्या, हा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. या उपक्रमात अधिकाऱ्यांनी अशी एकेक वस्ती दत्तक घेतली. धाडी थांबल्या नाहीत. पण त्यांच्या जोडीला समुपदेशन आले, दुसऱ्या रोजगाराची सोय आली, शासकीय योजनांपर्यंत पोहोचविण्याची खटपट आली. सोलापूर शहरालगतच्या मुळेगाव तांड्यावरील स्त्रियांच्या हाती शिवणयंत्रे आली, ती याच काळात. पोलिसाने गुन्हेगाराला 'तू हे का करतोस' असे विचारावे आणि उत्तर ऐकून घेण्यासाठी थांबावे, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. प्रत्यक्षात ती पोलीस खात्याच्या शंभर वर्षांच्या सवयीविरुद्ध जाते. भट्टी लावणारा हिशेबच करीत असतो. तो हिशेब दुसऱ्या बाजूने बदलता येतो, हे येथे दिसून आले. अर्थात एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सुरू झालेले काम त्याच्या बदलीनंतर किती टिकते, हा आपल्या प्रशासनाचा जुनाच प्रश्न येथेही आहे. हातभट्टीला आळा घालण्यासाठी दारूबंदी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलांची तरतूद झालेली आहे. अशा दलाने भट्टी फोडली तरी भट्टीवाल्याच्या चुलीचा प्रश्न मागे उरतोच.

भिवंडीचा अनुभव या संदर्भात नेहमी सांगितला जातो. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांचे मर्म असे की, त्यांत बसणारे लोक पुढारी नव्हते. रिक्षावाले, दुकानदार, यंत्रमागावरचे कामगार, दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि त्या भागातील शिपाई यांची नियमित गाठ पडत असे, दंगल नसतानाही पडत असे. गावपातळीवरील दक्षता समित्यांची नावे पाहिली तर त्यांत सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष आणि होऊ घातलेले सरपंच हेच आढळतात. अशी समिती गावाची नसते, गावातल्या सत्तेची असते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेलाही हीच मर्यादा पडली. बांधाचे, वाटणीचे, पाण्याच्या पाळीचे असंख्य तंटे तिच्यामुळे कोर्टाबाहेर मिटले, ही तिची मोठीच कामगिरी होय. कोर्टाच्या खेपा, वकिलाची फी आणि बुडालेला रोज यांचा हिशेब ज्याने कधी घातला आहे, त्याला तिचे मोल सांगावे लागणार नाही. परंतु बक्षिसासाठी तंट्यांचा आकडा खाली आणायचा म्हटले, की मार खाणाऱ्या सुनेची तक्रार हाही एक 'तंटा'च होतो, आणि दलित वस्तीवर झालेला अन्यायही समजुतीने मिटविण्याचा मोह होतो. बांधावर तडजोड होऊ शकते. मारहाणीवर झालेली तडजोड बहुधा दुबळ्याच्याच पदरी येते. गावात गुन्हे नोंदले गेले नाहीत, एवढ्यावरून ते घडलेच नाहीत असे समजणे धोक्याचे आहे. पुढे मोहिमेचा जोर ओसरला, तिच्याबरोबर चांगलेही ओसरले.

आषाढात मात्र हाच तालुका एक निराळे दृश्य दाखवितो. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पुढे जाते. तुकाराममहाराजांची पालखी अकलूजला येते. त्या दिवसांत लाखो परके लोक गावागावांतून, वस्त्यांच्या अंगणांतून राहून जातात. कोणाला कोणाचे गाव ठाऊक नसते. खिसेकापू येतात, दागिने जातात, मुले चुकतात. शाळेचे शिक्षक, महाविद्यालयाचे विद्यार्थी, पोलीस मित्र आणि पोलीस एकत्र काम करून यातले बरेच निस्तरतात. परका म्हणजे चोर, असे त्या आठवड्यात कोणी म्हणत नाही. तोच परका मार्गशीर्षात कोयता घेऊन, बिऱ्हाड बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून येतो, तेव्हा मात्र दृष्टी बदलते.

ऊसतोड मजुरांच्या कोप्या फडाच्या कडेला पडतात. तेथे ना दार, ना कुलूप, ना वीज. बायामाणसे अंधारात पहाटे तीनला उठून फडात जातात, मागे लहान मुले राहतात. गावातल्या चोरीचा पहिला संशय कोपीवर येतो. कोपीतली चोरी किंवा कोपीतल्या बाईला झालेला त्रास मात्र क्वचितच ठाण्यापर्यंत जातो, कारण फिर्यादीला हंगाम संपला की शेकडो मैल दूर परतायचे असते. दुसरीकडे, मुकादमाने लाखांची उचल घेतली आणि टोळी आणलीच नाही, म्हणून कर्जात बुडालेले वाहनमालकही याच गावांत आहेत. मोटारचोरीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी असते. त्यावर गस्तीचा काही उपाय नाही. लेखी करार, उचलीची बँकेमार्फत देवघेव आणि एकाच टोळीवर तिघांनी उचल दिली आहे काय हे कळण्याची सोय, एवढाच त्यावर उपाय आहे. ही सोय कारखान्यांना एकत्र येऊन करता येण्याजोगी आहे.

राखणीच्या खर्चाचा प्रश्नही तेथेच नेता येतो. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गाळपाच्या टनामागे ठरावीक रक्कम कारखान्यांकडून घेण्याचे धोरण राज्याने स्वीकारलेच आहे. त्याच धर्तीवर टनामागे काही पैसे गावाच्या राखणीसाठी काढले, तर ज्याचा ऊस जास्त त्याचा वाटा जास्त, हे आपोआप साधते आणि घरोघरी वर्गणी मागत हिंडावे लागत नाही. त्या पैशातून हंगामापुरते दर गावी तीन-चार राखणदार रोजाने नेमता येतील. ते पोलीस पाटलाच्या नोंदीत असावेत, बीट अंमलदाराने त्यांना काय करावे व काय करू नये हे लेखी द्यावे, आणि त्यांच्या फेरीत वस्त्यांबरोबर कोप्याही असाव्यात. नेमणुकीत पालावरचा एखादा तरुण घेतला तर उत्तमच. शिवारातल्या पायवाटा त्याच्याइतक्या गस्तीवरच्या दुसऱ्या कोणाला माहीत नसतात. दक्षता समितीत टोळीचा एक मुकादम आणि कोपीतली एक बाई बसविण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. गाळप हंगामाच्या आधी ग्रामसभा भरते तेव्हा गस्तीच्या तरुणांची नावे वाचून दाखवितात; त्याच ठरावात त्यांच्या रात्रीच्या रोजाचा आकडा आणि तो कोणत्या खात्यातून द्यायचा, हे दोन रकाने वाढवावे लागतील.